पुढच्या चाकांचा थरकाप

दिल्लीच्या आझादपूर बाजारात मध्यरात्री भाजी भरायची आणि उजाडण्याच्या आत ती फरीदाबादच्या डबुआ मंडईत पोचवायची, असा ज्याचा वर्षानुवर्षांचा क्रम आहे, त्या एका पिकअप गाडीच्या चालकाने मला जी हकीकत सांगितली तिच्यापासून आजच्या भाषणाला आरंभ करतो. मथुरा रस्त्यावर बदरपूरचा लांबलचक उड्डाणपूल आहे. २०१० साली तो वाहतुकीस खुला झाला. पुलाचे दोन भाग जेथे एकमेकांस मिळतात तेथे रस्त्यात आडवा लोखंडी सांधा असतो. भरलेली गाडी साठ-पासष्टच्या वेगाने त्या सांध्यावरून गेली, पुढच्या चाकांना एक हिसका बसला, आणि नंतर तो हिसका थांबेचना. स्टिअरिंग दोन्ही हातांत डावीकडून उजवीकडे असे आपटू लागले की मनगटे सुटतात की काय, असे त्याला वाटले. गाडीचे सारे तोंड थरथरत होते. त्याने पाय उचलला. गाडी तिसाच्या खाली आली तेव्हा थरकाप जसा आला तसा निघून गेला. तोवर गाडी पुलाच्या कठड्याच्या दिशेने चार हात सरकली होती, आणि शेजारी बसलेल्या त्याच्या भाच्याने डोळे मिटून घेतले होते.

हा प्रसंग केवळ फरीदाबादेतला नव्हे. नारायणगावहून टोमॅटो नेणारा, नाशकाहून द्राक्षांच्या पेट्या नेणारा, किंवा कोकणात घाट उतरणारा कोणताही चालक हे वर्णन ऐकून मान डोलावील. जुन्या काळी मामलेदाराच्या किंवा विकास अधिकाऱ्याच्या जीपमध्ये जे बसले आहेत त्यांनाही तो अनुभव असेल. गॅरेजांत याला ‘वॉबलिंग’ म्हणतात. परिभाषाकोशांत स्टिअरिंगला सुकाणूचक्र असा भारदस्त शब्द सापडतो. परंतु ‘माझे सुकाणूचक्र कंप पावते’ असे सांगून कोणत्याही मिस्त्रीच्या दारात उभे राहिले तर तो आपल्याकडे न पाहता दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळेल. म्हणून मी गॅरेजातलेच शब्द वापरणार आहे.

मी स्वतः यंत्र-अभियंता. फरीदाबादेतील सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात माझी बरीच वर्षे गेली. त्यामुळे हा चालक जेव्हा माझ्याकडे सल्ल्यास आला तेव्हा मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, ‘चाकांचे बॅलन्सिंग करून घ्या.’ तो हसला नाही, हा त्याचा सभ्यपणा. बॅलन्सिंग त्याने दोनदा करून घेतले होते. पुढचे दोन टायर नवे घातले होते. अलाइनमेंट तीन वेळा झाले होते. एका ठिकाणी टाय रॉडची दोन्ही टोके, ज्यांना ते ‘एंड’ म्हणतात, बदलून झाली होती. आता कोणीतरी त्याला स्टिअरिंग डॅम्पर नावाचा, शॉक अ‍ॅब्सॉर्बरसारखा दिसणारा दांडा बसवण्यास सुचवले होते, आणि त्यासाठी तो पैसे जुळवीत होता. यांपैकी कोणीही त्याला फसवले नव्हते. प्रत्येकाने आपले काम बरे केले होते. पण थरकाप कोठून येतो हे शोधून काढण्याचे काम कोणीच केले नव्हते.

आता हा थरकाप म्हणजे नेमके काय, ते पाहू. वस्तुतः एकाच नावाखाली येथे दोन निरनिराळे प्रकार वावरतात, आणि सारा घोटाळा त्यातून होतो.

पहिला प्रकार झोपाळ्याचा. झोपाळ्याला योग्य क्षणी एका बोटाने ढकलले तरी तो हळूहळू मोठा झोका घेतो. चुकीच्या क्षणी चार जणांनी ढकलले तरी तो अडखळतो. पंधरा इंची रिम असलेल्या पिकअपच्या चाकाचा बाहेरचा घेर सुमारे सव्वादोन मीटर असतो. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने धावताना असे चाक सेकंदाला सुमारे दहा वेळा फिरते. समजा, त्याच्या रिमच्या कडेला एका बाजूस केवळ पन्नास ग्रॅम वजन अधिक आहे. उभ्या गाडीत ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. परंतु त्या वेगाला ते पन्नास ग्रॅम चाकाला जवळजवळ चार किलो वजनाइतक्या जोराने बाहेर ओढतात, तेही सेकंदाला दहा वेळा, दर वेळी नव्या दिशेला. वेग निम्मा केला की हा जोर निम्मा होत नाही, तर चौथ्या हिश्शावर, म्हणजे एका किलोच्या आसपास येतो. हे ढकलणे स्टिअरिंगच्या साऱ्या जुळणीच्या स्वाभाविक झोक्याशी ज्या वेगाला जुळते, त्या वेगाला स्टिअरिंग थरथरते. वेग आणखी वाढवला की थरथर बरीच ओसरते. अमुक वेगाला सुरू होऊन तमुक वेगाला जाणारी, नेमाने येणारी थरथर बहुधा असमतोल चाकाची असते. ती त्रासदायक खरी, पण जीवघेणी क्वचितच.

दुसरा प्रकार पताकेचा. वारा एकसारखा वाहतो, त्याला कोणी तालात फुंकत नाही. तरीही पताका फडफडते. फडफडण्याची शक्ती ती त्या सरळ वाहणाऱ्या वाऱ्यातूनच काढून घेते. चाकाचेही असे होते. रुग्णालयातील ढकलगाडीचे एखादे लहान चाक जोरात ढकलताच वेड्यासारखे डावी-उजवीकडे हलू लागते, हे आपण पाहिले असेल. त्याला कोणी हलवीत नाही. गाडी पुढे जात आहे, एवढेच त्याला पुरते. एकदा निमित्त मिळाले, मग ते पुलावरचा सांधा असो वा खड्डा, की हा थरकाप गाडीच्या पुढे जाण्यातूनच आपले खाद्य मिळवतो आणि वेग पुरेसा कमी होईपर्यंत थांबत नाही. आमच्या चालकाचा थरकाप या जातीचा होता. बॅलन्सिंगने तो का गेला नाही, हे यावरून ध्यानात येईल.

हे समजण्यासाठी पुढची चाके कशी वळतात ते थोडक्यात पाहिले पाहिजे. बैलगाडीच्या आसाला वळावे लागत नाही. बैल वळले की सारी गाडी वळते. चार चाकांच्या घोडागाडीत पुढचा अख्खा आसच मधल्या एका खिळीवर फिरत असे. म्युनिकचा गाड्या बांधणारा लँकेनस्पर्गर याने आस जागीच ठेवून दोन्ही टोकांची चाके स्वतंत्र खिळींवर फिरवण्याची युक्ती काढली आणि रूडॉल्फ अ‍ॅकरमन याने १८१८ साली तिचे इंग्लंडमध्ये पेटंट घेतले. आसाच्या टोकाची ती उभी खीळ म्हणजेच आजची किंगपिन. दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा तो टाय रॉड. किंगपिन उभी दिसली तरी अगदी उभी नसते. तिचा माथा किंचित मागे झुकलेला असतो. त्यामुळे तिची रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर जेथे टेकतो त्याच्या थोडी पुढे पडते. चाक आपल्या खिळीच्या मागे फरपटत येते, आणि म्हणूनच वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप सरळ होते. या झुकावाला कॅस्टर म्हणतात. तो कमी पडला तर गाडी रस्त्यावर भटकते, प्रमाणाबाहेर वाढला तर ढकलगाडीच्या चाकाचा वेडेपणा अंगी येतो.

सरळ लोखंडी आस असलेल्या गाडीत याखेरीज आणखी एक खोड असते. सायकलचे सुटे चाक दोन्ही हातांनी धरून जोरात फिरवा आणि ते एका बाजूस कलंडवून पाहा. ते कलंडण्याऐवजी भलत्याच दिशेला वळू पाहते. फिरणाऱ्या भोवऱ्याचाही हाच स्वभाव. आता कल्पना करा, डावे चाक सांध्यावरून उचलले गेले. आस एकसंध असल्याने तो कलला, त्याबरोबर दोन्ही फिरती चाके कलली, आणि कलताच ती वळली. वळली म्हणून आस पुन्हा उलट बाजूस कलला. एक चूक दुसरीला जन्म देते, दुसरी पहिलीला. १९२०च्या दशकात मोटारींना मऊ, फुगीर टायर आणि पुढच्या चाकांचे ब्रेक आले तेव्हा या रोगाने युरोप-अमेरिकेतील कारखानदारांना जेरीस आणले. त्या काळच्या एका नाचावरून त्याला ‘शिमी’ असे नाव पडले. जॉर्ज ब्रुलिए या फ्रेंच अभियंत्याने १९२५ मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. अखेर १९३४ च्या अमेरिकन मोटारींनी पुढचा सरळ आसच काढून टाकून प्रत्येक चाक स्वतंत्रपणे टांगले, त्यामागे जी कारणे होती त्यांत हे एक ठळक होते. मालवाहू गाड्यांनी मात्र सरळ आस आणि कमानपाटे सोडले नाहीत. ते दणकट असतात, स्वस्त असतात आणि आडगावीही दुरुस्त करता येतात. २००५ साली टाटा मोटर्सने बाजारात आणलेली ‘एस’, जिला उत्तरेत सारे ‘छोटा हाथी’ म्हणतात, तीही पुढे सरळ आस आणि कमानपाटे घेऊनच आली.

मग निर्दोष गाडीत हा थरकाप रोज का होत नाही? कारण प्रत्येक सांधा घट्ट असतो आणि योग्य तेवढे घर्षण प्रत्येक हेलकाव्यातली शक्ती खाऊन टाकते. सांध्यांत पोकळी आली की चाकाला त्या पोकळीपुरते कोणाचेच बंधन राहत नाही. अर्ध्या मिलिमीटरची ढिलाई ती केवढी, असे वाटते. पण बैलगाडीच्या तुंब्यात झीज झाली की चाक कसे लचकत चालते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना तसे वाटणार नाही.

माझा सल्ला फुकट गेल्यावर आम्ही दोघे एका वृद्ध मिस्त्रीकडे गेलो. फरीदाबादच्या ज्या भागाला सारे शहर एन. आय. टी. म्हणते, ती १९४९ नंतर वसलेली औद्योगिक वसाहत. वायव्य सरहद्द प्रांतातून, विशेषतः बन्नूकडून, आलेल्या निर्वासितांनी ती स्वतःच्या हातांनी बांधली. राजेंद्रप्रसाद तिच्या विकास मंडळाचे अध्यक्ष होते, आणि कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या सहकारी संघाचा तिच्या उभारणीत मोठा वाटा होता. पुढे ट्रॅक्टरांचे आणि टायरांचे मोठे कारखाने या शहराच्या परिसरात आले. त्यांच्या सावलीत गल्लोगल्ली लेथ आणि भट्ट्या आल्या. या मिस्त्रीचे वडील बन्नूहून आलेले. त्याच्या टपरीवर पाटी नव्हती. पण गाड्यांची रांग होती.

त्याने बॉनेट उघडले नाही. गाडीखालीही तो गेला नाही. स्टुलावर बसून त्याने चालकाला चहा दिला आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. थरकाप आपोआप येतो की ठेच लागल्यावर? येतो तेव्हा वेग किती? वेग वाढवला तर जातो का? ब्रेक दाबला की येतो का? हातात जाणवतो की बसल्या जागी खाली? भरलेल्या गाडीत येतो की रिकाम्या? हे प्रश्न म्हणजेच निम्मे निदान होते, हे मला मागाहून उमगले. ब्रेक दाबल्यावरच येणारी थरथर ड्रम किंवा डिस्क वाकडी झाल्याची खूण आहे. हातात न जाणवता बैठकीखाली जाणवणारी थरथर मागच्या चाकांची वा प्रोपेलर शाफ्टची असते. तिच्यासाठी पुढची चाके खोलणे व्यर्थ आहे. ठराविक वेगाला आपोआप येणारी थरथर चाकाच्या असमतोलाची. आणि ठेच लागल्यावर उसळून न थांबणारा थरकाप ढिलाईचा. चालकाने आणखी एक गोष्ट सांगितली, जी त्याने यापूर्वी कोणाला सांगितली नव्हती, कारण कोणी विचारलीच नव्हती: रिकाम्या गाडीत थरकाप येत नाही, पण ती सरळ रस्त्यावरही भटकते, सारखे स्टिअरिंग सावरावे लागते.

यानंतर तो उठला आणि त्याने टायरांवरून तळवा फिरवला, प्रथम बाहेरून आत, नंतर आतून बाहेर. एका दिशेने रबर गुळगुळीत लागावे आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखे टोचावे, तर चाकांची तोंडे एकमेकांकडे प्रमाणाबाहेर वळलेली किंवा फाकलेली असतात. टायरावर जागोजागी वाटीसारखे खळगे असतील तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर निकामी झालेले असतात किंवा चाक असमतोल असते. या नव्या टायरांवर चारच महिन्यांत दाते आले होते. तीनदा अलाइनमेंट झालेल्या गाडीचे टायर असे का झिजावेत, याचा विचार करीत मिस्त्री क्षणभर थांबला. त्याने रिमच्या आतल्या बाजूला बोट घालून वाळलेला चिखल खरवडून काढला. पावसाळ्यानंतर हा चिखल पाव-अर्धा किलो सहज निघतो, आणि पन्नास ग्रॅमांचा हिशेब मी वर सांगितलाच आहे. चिखल धुऊन गेल्याने बरी होणारी थरथर कितीतरी जण टायर बदलून बरी करतात.

मग त्याने पोऱ्याला स्टिअरिंगवर बसवले. चाके जमिनीवरच होती. पोऱ्या स्टिअरिंग डावी-उजवीकडे थोडेथोडे झटकत राहिला आणि मिस्त्री गाडीखाली आडवा होऊन एकेका सांध्यावर बोट ठेवीत गेला. स्टिअरिंग बॉक्स चॅसीला ज्या बोल्टांनी बांधलेला असतो ते बोल्ट, बॉक्सखालचा आर्म, तेथून चाकाकडे जाणारी ड्रॅग लिंक, टाय रॉडचे एंड, असा तो क्रम. बोट सांध्याच्या दोन्ही भागांवर एकदम टेकलेले हवे. डोळ्याला न दिसणारी ढिलाई बोटाला कळते. मी स्वतः बोट ठेवून पाहिले तेव्हा मला काहीच कळले नाही. दुसऱ्यांदा त्याने माझे बोट दोन केस बाजूला सरकवले, तेव्हा कळले. येथे सारे ठीक होते. नुकतेच बदललेले एंड घट्ट होते.

तेव्हा जॅक लावला. पुढचे चाक उचलून त्याने एक हात टायरच्या माथ्यावर आणि दुसरा तळाशी ठेवला व चाक आत-बाहेर हलवले. ‘टक्’ असा बारीक आवाज आला. हा आवाज दोन ठिकाणांहून येऊ शकतो, हबच्या बेअरिंगमधून किंवा किंगपिनच्या बुशमधून, आणि दोन्हींचे उपाय निराळे. यासाठी त्याने जे केले ते इतके साधे होते की अभियंता म्हणून मला थोडी लाज वाटली. त्याने पोऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगितले आणि चाक पुन्हा हलवले. ब्रेक दाबला की चाक आणि त्याच्या मागचा भाग एकजीव होतात, बेअरिंगचा ढिलेपणा लपतो. टक् थांबले तर दोष बेअरिंगचा. थांबले नाही तर किंगपिनचा. टक् थांबले नाही. दुसऱ्या बाजूलाही तेच.

किंगपिन आसाच्या डोळ्यात घट्ट बसवलेली असते, आणि चाक धरणारा भाग तिच्याभोवती वर-खाली दोन पितळी बुशांत फिरतो. या बुशांना वंगण पोचावे म्हणून बाहेरून ग्रीस निपल असते, ज्वारीच्या दाण्याएवढ्या छिद्राचे. त्या छिद्रात एक बारीक गोळी असते. ग्रीसच्या पंपाने ती मागे ढकलली जाते. मिस्त्रीने निपल कापडाने पुसले, नखाने खरवडले, आणि मला जवळ बोलावले. निपलवर काळ्या रंगाचा जाड थर होता. आदल्या दिवाळीत चालकाने गाडीचा सांगाडा गंजू नये म्हणून खालून काळा रंग मारून घेतला होता. रंगाने गोळी जागीच चिकटली. त्यानंतर दर वेळी पंप लावला की ग्रीस आत न जाता निपलच्या बाजूने बाहेर येई, पोऱ्या ते पुसून टाकी, आणि ‘ग्रीस झाले’ म्हणे. वर्षभर किंगपिन कोरडी फिरत होती. काळजीपोटी केलेल्या एका कामाने दुसऱ्याचा घात केला होता, आणि यात कोणाला दोष द्यावा हे मला अजूनही ठरवता आलेले नाही.

तीनदा केलेले अलाइनमेंट का टिकले नाही, तेही आता उघड झाले. पुढची चाके समोरच्या अंगाला एखाद-दोन मिलिमीटर एकमेकांकडे झुकवायची असतात. नेमके किती, ते ज्या त्या गाडीच्या पुस्तकात दिलेले असते. परंतु बुश झिजल्याने चाक स्वतःच त्याहून अधिक डुलत असेल, तर ते माप म्हणजे डुलणाऱ्या होडीत ठेवलेल्या तराजूचे माप. यंत्रावरचा आकडा अचूक, आणि तरीही निरर्थक. म्हणूनच अलाइनमेंट सर्वांत शेवटी करायचे असते.

डॅम्परविषयी चालकाने विचारले, तेव्हा मिस्त्रीने मान हलवली. ज्या गाडीला तो कारखान्यातूनच बसवलेला असतो तिला तो असावा, आणि बिघडला तर बदलावा. पण मुळात नसलेल्या गाडीला तो नव्याने बसवणे म्हणजे दाढ किडली असता लवंगेचे तेल लावत राहणे. काही महिने थरकाप दबतो, आणि तेवढ्या काळात किंगपिन आणखी झिजते. असा दबलेला थरकाप मला उघड थरकापाहून अधिक भयंकर वाटतो, कारण तो चालकाला सावध होऊ देत नाही.

दोन दिवस काम चालले. जुने बुश ठोकून काढले, नवे दाबून बसवले आणि रीमरने हाताने हळूहळू कापत किंगपिनच्या मापाला आणले. हे काम घाईचे नव्हे: भोक सैल झाले तर सारे मुसळ केरात, घट्ट राहिले तर स्टिअरिंग वळणानंतर परत येणार नाही. नवी किंगपिन, नवे निपल, खालची थ्रस्ट बेअरिंग आणि उभी ढिलाई काढण्यापुरत्या पातळ चकत्या. काम करताना कमानपाट्यांना आसाशी बांधणारे यू-बोल्टही एका बाजूस सैल आढळले. ते कसले. मग दोन्ही बाजूंना पुढच्या आसापासून मागच्या आसापर्यंत दोरी लावून अंतर सारखे आहे ना, हे पाहिले. हब बेअरिंग जुळवले. सर्वांत शेवटी बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट. ते त्याने शेजारच्या दुकानात पाठवून करून घेतले, आणि तेथील आकडे चिठ्ठीवर लिहून आणायला सांगितले.

राहता राहिला रिकाम्या गाडीच्या भटकण्याचा प्रश्न. त्याचे कारण मागे होते. अधिक माल वाहता यावा म्हणून चालकाने मागच्या कमानीत दोन पाटे जास्तीचे भरले होते. त्यामुळे रिकामी गाडी मागून उंच राही, तिचे नाक खाली जाई, आणि किंगपिनचा मागे झुकलेला माथा पुढे येऊन कॅस्टर कमी होई. उलट माल बेसुमार भरला की मागचा भाग दबून नाक वर येई, कॅस्टर वाढे आणि पुढची चाके हलकी होत. हलकी चाके आणि वाढलेला कॅस्टर, त्यावर झिजलेली किंगपिन. पुलावरच्या सांध्याने फक्त काडी लावली. मिस्त्रीने दोन्ही पाटे काढायला सांगितले. मीही, २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी वीस हजार रुपये आणि वर प्रत्येक टनाला दोन हजार असा दंड आहे, याची त्याला आठवण करून दिली. चालक बराच वेळ गप्प बसला. एका खेपेचे भाडे, डिझेल, गाडीचा हप्ता आणि जाताना लागणारा टोल यांचा हिशेब त्याने बोटांवर करून दाखवला. तो हिशेब चुकीचा होता असे मी म्हणू शकत नाही. शेवटी एक पाटा काढण्यावर तडजोड झाली. दुसरा त्याने ठेवला.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी त्याच्या शेजारी बसून त्या पुलावरून गेलो. निघण्यापूर्वी मिस्त्रीने त्याला बजावले होते की पुन्हा कधी थरकाप आलाच तर ब्रेकवर उडी मारू नको. स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेव, त्याच्याशी झुंजू नको, पाय उचल आणि गाडीला आपणहून मंद होऊ दे. सांधा जवळ आला तेव्हा चालकाच्या मनगटांच्या शिरा ताठ झालेल्या मला दिसल्या. एक हिसका बसला. स्टिअरिंग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हलले आणि स्थिर झाले. आम्ही दोघेही पुढच्या सांध्यापर्यंत काही बोललो नाही.

पाचशे किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा कसण्यासाठी त्याला बोलावले होते, कारण नव्याने कसलेले बोल्ट भार घेतल्यावर थोडे सैल पडतातच. तो आला. मिस्त्रीने आस जॅकवर उचलला, कारण चाके जमिनीवर असताना भाराखाली दबलेल्या बाजूस ग्रीस शिरत नाही. त्याने पंप पोऱ्याच्या हाती न देता चालकाच्या हाती दिला आणि स्वतः चाक डावी-उजवीकडे वळवीत राहिला. चालकाने पंप दाबला. या वेळी जुने काळे ग्रीस बुशाच्या कडेने सर्व बाजूंनी बाहेर आले, आणि त्यामागून नवे, पिवळसर.